तासाला एकेचाळीस वेळा

५ डिसेंबर २०२४
कापसाच्या जिनिंगच्या शेठने जनरेटरच्या नोंदीला नवी वही दिली. जुनी अर्धी कोरी आहे, ती मी ठेवून घेतली. इथे वरंगळकडे दुसरा हंगाम चाललाय माझा. रोज एवढंच लिहितो की जनरेटर किती वाजता चालू, किती वाजता बंद, डिझेल किती. आठवीत नापास झालो त्यानंतर दुसरं काही लिहिलेलं नाही. आज लिहितोय कारण सांगायला कोणी नाही.

दिपमालाचा फोन आला होता. म्हणाली, नानांच्या छातीत मशीन बसवलं. धुळ्याला. मी म्हटलं कधी? म्हणे आठ दिवस झाले. नाना पाण्याचा वॉल सोडायला गेले, चौकातल्या खड्ड्यात वाकले आणि तिथेच पडले. शुद्ध नव्हती. गावाचं पाणी सोडायचं काम नाना अठरा वर्षं करतात, तो खड्डा त्यांना डोळे मिटून सापडतो.

"मला का नाही सांगितलं?"

"नानाच म्हणे त्याले सांगू नका. त्याना कामना सिझन शे."

सख्खी बहीण, पण माझ्याशी मास्तरीणबाईसारखी बोलते हल्ली. नानांनी रागाने तसं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. रागाने नाही, माझ्या कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून सांगितलं.

सोळा महिने झाले, नानांशी बोललो नाही. पंधरा ऑगस्टचं मी इथे लिहिणार नाही.

७ डिसेंबर
कौतिकला सांगितलं. तो सावद्याचा आहे, इथे मशीनवर कापूस घालतो. आमच्या दोघांशिवाय खान्देशातलं इथे कोणी नाही. त्याने तोंडावरचं फडकं खाली घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे बाप आता बॅटरीवर चालून राह्यला का भो? अन् चार्जिंगले कुठी लावता?"

बाजूची तेलुगू पोरं न कळताच हसली. मीही हसलो. मग जेवण गेलं नाही.

रात्री फोनवर दिपमालाने नीट सांगितलं. ती नरडाण्याला औषधाच्या दुकानात बसते, तिला कळतं. नानांचं हृदय मधूनच ठोका देणं विसरत होतं. दवाखान्यात तपासलं तेव्हा एकदा पाच सेकंद बंद होतं. मशीन काडीपेटीएवढं, डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत. ठोका साठच्या खाली गेला की ते स्वतः ठोका देतं. मला लगेच कळलं. इंजिनाचा स्लो असतो तसं. गाडी उभी असताना इंजिन जेवढ्यावर चालतं तो स्लो. तो फार कमी असला की इंजिन बंद पडतं.

११ डिसेंबर
आता दुसरंच निघालं. डॉक्टरांनी नानांना एक रात्र वायरी लावून झोपवलं. झोपेत त्यांचा श्वास थांबतो. तासाला एकेचाळीस वेळा. दिपमाला म्हणाली तेव्हा मला वाटलं रात्रभरात एकेचाळीस. ती म्हणाली, "तासाले रे, तासाले."

घसा आतून मिटतो म्हणे. मग जीव घाबरा होऊन झोप मोडते, घसा उघडतो, पुन्हा झोप, पुन्हा मिटतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. हृदयावर याचा फार ताण येतो. उपाय म्हणजे नाकावर मास्क लावून झोपायचं, मशीन हवा ढकलतं आणि घसा उघडा राहतो. मशीन घरी आणून ठेवलंय. नाना खोकं उघडूसुद्धा देत नाहीत. म्हणतात, "माले मुसकं नको. मी काय मळणीना बैल शे?"

"डॉक्टर काय म्हणतात, नाही लावलं तर?"

"हृदय आणखी खराब होईल. झोपेतच काही होऊ शकतं." मग ती म्हणाली, "तू सांग ना. ते तुझं ऐकतील."

माझं का ऐकतील ते तिने सांगितलं नाही. मी कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला.

१३ डिसेंबर
आज डोक्यात उजेड पडला. जनरेटर सकाळपासून झटके देत होता, थंड असताना बंद पडायचा. मी स्लो वाढवला. मग चालत राहिला. तिथेच उभा राहून विचार केला की नानांचंही असंच आहे. रात्री ठोका मंद पडतो, त्याच्यामागे श्वास बंद पडतो. मशीनचा स्लो साठवरून पंचाहत्तर-ऐंशी करायचा. श्वास बंदच पडणार नाही. मास्कची गरजच काय?

मोबाईलवर शोधलं. हिंदीत एकजण सांगत होता, परदेशात डॉक्टरांनी असं केलेलं आहे. मला रडू यायचं बाकी होतं. एवढी शाळा न शिकता मला सुचलं.

दुपारी सरळ नानांना फोन लावला. सोळा महिन्यांनी. विषय हातात होता म्हणून लावता आला.

"हां," नाना म्हणाले.

"मी प्रेमराज."

"हां. जेवना का?"

मी स्लोचं सांगितलं. नाना मधे मधे "बरं, बरं" करत होते. पंपाचं इंजिन त्यांनी अठरा वर्षं चालवलंय, त्यांना एका वाक्यात कळलं. म्हणाले, "बरोबर शे. रेस वाढाडी का बंद पडस नही."

"हां."

"मंग मास्क नको ना?"

"नको."

"डॉक्टरले मी सांगस. मना पोऱ्या मेकॅनिक शे म्हणस."

मग नाना म्हणाले, "तठे थंडी शे का?" मी म्हटलं आहे. फोन ठेवला. एवढं सोपं होतं. उगाच सोळा महिने काढले.

१४ डिसेंबर
काल गाढ झोपलो. कौतिक म्हणाला, "आज शिट्टी वाजवून राह्यला, लग्न ठरलं का?"

१९ डिसेंबर
काय लिहू.

नानांना तपासायला धुळ्याला नेलं होतं. नानांनी डॉक्टरांना सांगितलं, स्लो ऐंशी करा, मास्क नको. डॉक्टर नाही म्हणाले तर नाना म्हणे, "मना पोऱ्याले इचारा." मग डॉक्टरांनी दिपमालाच्या फोनवरून मलाच लावला. इकडे जिनिंगची मशिनं धडधडत होती, मी पळत गेटबाहेर गेलो.

मला वाटलं झापतील. झापलं असतं तर बरं. शांत आवाजात म्हणाले, "तुमचं म्हणणं वेडेपणाचं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका अभ्यासात तसं दिसलं होतं. रात्री ठोके पंधराने वाढवले की काही पेशंटचा श्वास थांबणं कमी झालं. सगळ्यांना आनंद झाला. मग दुसऱ्यांनी करून पाहिलं, तर ज्यांचा घसाच मिटतो त्यांना काही विशेष फरक पडला नाही. तुमच्या वडिलांचा घसा मिटतो. ठोका कितीही वाढवला तरी घसा उघडणार नाही."

"मग मशीन चुकीचं बसवलं का?"

"नाही. त्यांचा ठोका दिवसा जागेपणीही थांबत होता. मशीन लागणारच होतं. ते ठोका सांभाळेल. श्वासाला मास्क."

मी हां म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "हे किती वर्षांपासून आहे? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणं, सकाळी डोकं दुखणं, डोळे लाल, बोलता बोलता विसरणं? घरचे म्हणतात नीट सांगता येत नाही. तुम्ही मोठे आहात."

मी सांगितलं, चार-पाच वर्षं.

"तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं आवाज येत नाही. येत होता.

२० डिसेंबर
लिहिणार नव्हतो. लिहितो.

मागच्या वर्षी पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. त्या महिन्यात टाकी तीन वेळा भरून वाहिली. नाना मोटर चालू करून ओट्यावर बसायचे आणि बसल्या बसल्या झोपायचे. पाणी नाल्यात, आणि खालच्या गल्लीत बाया कोरड्या नळापुढे उभ्या. आमच्याकडे पाण्याचं असं कोणी माफ करत नाही, आणि ते बरोबरच आहे. सभेत सगळे नाव घेऊन नानांवर तुटून पडले. झुलाल पितो, झुलाल सकाळीच घेतो, डोळे पाहा. नाना माळ नाही घालत पण आयुष्यात थेंब घेतलेला नाही. ते मान खाली घालून उभे होते. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं की झोप का येते, तर काय सांगतील?

समोर बसलेले लोटनभाऊ म्हणाले, "अरे प्रेमराज, तू पोऱ्या ना? तूच तोंड हुंगी पाह्य बापनं. सांग बठ्ठासले."

लोक हसले. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं सिद्ध होईल. मी पुढे गेलो. दोनशे लोकांपुढे मी माझ्या बापाच्या तोंडाजवळ नाक नेलं. नानांनी तोंड उघडलं. लहान पोर डॉक्टरपुढे उघडतं तसं.

वास नव्हता. दंतमंजनाचा होता.

आणि मी काही बोललो नाही. नव्हता एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या मनात आलं, वास नाही तर मग हे झोपतात का? आळशी म्हणून? नालायक म्हणून? त्यापेक्षा पितात हे तरी लोकांना कळतं. मी मान फिरवली आणि गर्दीतून निघून गेलो. मी गप्प गेलो त्याचा लोकांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. आठ दिवसांनी मी इकडची गाडी पकडली. सगळ्यांना सांगितलं, बाप दारुडा म्हणून घर सोडलं. कौतिकलाही तेच सांगितलंय.

२७ डिसेंबर
मायला फोन केला. म्हटलं तुला माहीत होतं का, झोपेत नानांचा श्वास थांबतो?

"माहीत का नही? लगीन व्हयनं तवयपासून घोरतस. मंग गप व्हतस. मी हात लावस, का चालू व्हतस."

"रोज?"

"रोज. माले वाटे बठ्ठा माणसे असाच निजतस."

"मग आता रात्रभर तू हात लावतेस?"

माय म्हणाली, "आते घरमा शेतस म्हनीसन लावस. सव्वा वरीस तर पंपवरच निजे ते. सभा व्हयनी ना, तवयपासून. टाकी भरी जाई म्हने, कोनी बोलाले नको. खुर्चीवरच बठीसन."

म्हणजे त्या सभेपासून नाना पंपाच्या खोलीत एकटे खुर्चीत झोपत होते. हात लावायला कोणी नव्हतं. तासाला एकेचाळीस, आणि सव्वा वर्ष.

हिशेब नाही केला. जनरेटरचे तास मी रोज लिहितो, हे लिहिता आलं नाही.

शेठकडे सुट्टी मागितली. म्हणाला हंगामात गेलास तर चाव्या ठेवून जा. ठेवल्या. कौतिक स्टेशनपर्यंत आला. त्याला खरं सांगितलं. त्याने विनोद केला नाही. तो गप्प राहिला तेव्हा मला जास्त लाज वाटली.

२९ डिसेंबर
जळगावला उतरलो, तिथून पॅसेंजरने नरडाणा. घरी नाना खाटेवर बसलेले. अंगाने अर्धे झालेत, फक्त मान तेवढी जाड. मी पाया पडलो. म्हणाले, "ऊठ, ऊठ. गाडीले गर्दी व्हती का?"

खाटेखाली मशीनचं खोकं. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही.

३० डिसेंबर
दुपारी जेवून नाना आडवे झाले. मी बाजूला बसलो. पाच मिनिटांत घोरायला लागले. मग एकदम गप्प. छाती वर येते, पोट आत जातं, पण हवा नाही. मी मोबाईलमध्ये सेकंद बघितले. वीस. पंचवीस. मी घाबरून त्यांचं मनगट धरलं. नाडी चालू. एकदम नियमात, टक टक टक, मशीन आपलं काम इमानदारीने करत होतं. श्वास मात्र नाही. एकतिसाव्या सेकंदाला मोठा घरघर आवाज झाला आणि नानांचे हातपाय हलले.

स्लो चांगला आहे. हवेचाच पाइप बंद आहे. एवढं कोणत्याही मेकॅनिकला हात लावल्याबरोबर कळलं असतं. मी हात न लावता, नऊशे किलोमीटरवरून फोनवर निदान केलं.

८ जानेवारी २०२५
रोज सांगतो. नाना रोज नाही म्हणतात. आज चिडले.

"तूच म्हणना ना, रेस वाढाडा, मास्क नको? तू म्हणना म्हनीसन मी मानं. आते तूच नही म्हणस. कोनतं मानू?"

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"मंग आते कसं कळनं?"

दिपमाला भांडी घासत होती, ती पाठमोरीच म्हणाली, "लोक नानांना बघायला येतात ना, म्हणून ते नको म्हणतात. मास्क पाहिला की लोक काय म्हणतील त्याची भीती आहे त्यांना." आमच्याकडे आजारी माणसाला बघायला सगळं गाव येतं, चहा पितं आणि खाटेखालीसुद्धा बघतं. लोटनभाऊ परवा आले होते, खोक्याला पाय लावून विचारलं, "यामा काय शे, मिक्सर?" नाना म्हणाले हो, मिक्सर.

म्हणजे गावाची भीती. ती नानांच्या मनात मी घातली. तर ती मीच काढायची. सव्वीस जानेवारीला सभा आहे. ठरवलंय. कोणाला सांगितलं नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर सभा सुरू झाली. नाना मागच्या बाकावर होते, त्यांना मीच आग्रह करून नेलं होतं. रस्त्याचं बोलणं झालं, गटाराचं झालं. मी हात वर केला. सरपंच म्हणाले बोल.

उभा राहिलो. मी म्हणालो, "दीड वर्षापूर्वी पंधरा ऑगस्टला इथे मी नानांचं तोंड हुंगलं. त्या दिवशी वास नव्हता. मी तसं सांगितलं नाही. ते पीत नाहीत. त्यांना झोपेत श्वास थांबायचा आजार आहे, म्हणून दिवसा झोप येते. चूक माझी आहे."

लोटनभाऊ म्हणाले, "दीड वरीस लागनं का रे तुना नाकले?"

सगळे हसले. पण वाईट नाही हसले. दोन-तीन जण उठून नानांकडे गेले, खांद्यावर हात ठेवला. लोटनभाऊही गेले. मला छाती भरून आल्यासारखं वाटलं. मी नानांकडे बघितलं. मला वाटलं ते माझ्याकडे बघत असतील.

नाना उठले आणि एकटेच घरी निघून गेले.

संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. दिवेलागणीला मी म्हटलं, "नाना, आता तर सगळ्यांना कळलं. आता मास्क लावायला काय हरकत आहे?"

नाना म्हणाले, "दोन्ही येळा लोकेससमोरच."

मला कळलं नाही.

"हुंगं तेबी लोकेससमोर. चूक झायी म्हणना तेबी लोकेससमोर. घरमा माले एकदाबी इचारं नही तू. नाना, तुम्हले काय व्हस, असं. एकदाबी नही."

मी उठून बाहेर गेलो. सकाळी छाती भरून आली होती ना, तिथेच आता काही नव्हतं. मला वाटलं होतं आज माझं ओझं उतरलं. उतरलं ते माझंच. त्यांच्यासाठी काही केलंच नव्हतं, पुन्हा त्यांना दोनशे लोकांत उभं केलं.

२७ जानेवारी
दुपारी माय शेतात, दिपमाला दुकानावर. घरात दोघंच. मी खाटेजवळ खाली बसलो. हा प्रश्न विचारायला इतकं जड का जावं? विचारला.

"नाना, तुम्हले काय व्हस?"

त्यांनी आढ्याकडे बघितलं.

"इहीरमा उतरेल शे असं लागस," नाना म्हणाले. "गाळ काढाले उतरेल. मंग वरतीन कोनी झाकन लाई देस. मी आवाज देस, आवाज निंघस नही. मरस आते, असं लागस. मंग कोनीतरी दोर वढस न् मी वर येस."

"रोज?"

"रोज. घरमा व्हतू तवय कोनीतरी दोर वढे. पंपवर कोनीच वढे नही. मीच कसा तरी वर येऊ. सकाय डोकं फुटी जाये." त्यांनी हाताने कपाळ दाबून दाखवलं. "माले वाटे, भूतबाधा शे. कोनले सांगू? लोके म्हनेत दारू. मी म्हनू, म्हनू द्या. भूतपेक्षा दारू बरी."

ते बराच वेळ बोलत होते. एकदा झोपेत टाकी वाहिली तेव्हा ते रडले होते, तेही सांगितलं. मला एवढं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नाही. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं का, माहीत नाही.

शेवटी म्हणाले, "आन ते मुसकं."

खोकं फोडलं. नळी लावली, दिपमालाने सांगितलं होतं तसं. नानांनी मास्क स्वतःच नाकावर धरला. पट्टा मागून आवळायचा असतो. डावा हात वर नेताना त्यांना अजून ओढ बसते, हात मागे पोचेना. मी लावला. घट्ट झाला, सोडला. ढिला झाला, पुन्हा लावला. त्यांच्या मानेवर मागे एक जुना व्रण आहे, तो मी पहिल्यांदा बघितला.

मशीन सुरू केलं. सूं असा बारीक आवाज. नानांचे डोळे मोठे झाले, मग हळूहळू बरोबर झाले. त्यांनी श्वास घेतला, सोडला. परत घेतला.

मी विचारलं, "आता कसं लागस?"

त्यांनी हाताने खूण केली, बरं.

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं, "पट्टा टोचतो का? हवा जास्त होते का? कमी करू?"

नानांनी मास्क एका बाजूने उचलला.

"आते इचारू नको," म्हणाले. "निजू दे."